टिक्का टी३एक्स लाइट (.३०८): रिकामी कशी होते ते बघून घेतलेली रायफल

न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टन-ऑकलंडकडची आपली मराठी मुलं हल्ली बंदुकीचा परवाना काढू लागली आहेत. परवाना हातात पडला की फोन येतो, "दादा, रायफल कुठली घेऊ?" प्रत्येकाला तासभर सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो.

माझ्याकडे टिक्का टी३एक्स लाइट आहे. स्टेनलेस नळी, काळा सिंथेटिक दस्ता, .३०८ विंचेस्टर काडतूस. फिनलंडमधल्या रिहिमाकी गावात साको कंपनीच्या कारखान्यात ती बनते. साको २००० सालापासून इटलीच्या बेरेटा समूहात आहे. मूळ टी३ मॉडेल २००३ मध्ये आलं आणि २०१६ मध्ये सुधारून टी३एक्स झालं. मी कोल्हापूरचा, शिरोली एमआयडीसीतल्या टूलरूममध्ये घडलो, इथेही टूलमेकरचंच काम करतो. यंत्र हातात आलं की त्याचा प्ले (सैलपणा) कुठे आहे, घर्षण कुठे आहे हे आधी बघायची सवय आहे. रायफलही तशीच पारखली.

सगळ्यात आधी एक गोष्ट: अचूकतेवरून रायफल निवडू नका. टिक्काची कारखान्याची हमी आहे की शंभर मीटरवर तीन गोळ्या एक एमओएमध्ये (मिनिट ऑफ अँगल, कोनाचं माप), म्हणजे साधारण २९ मिलिमीटरच्या आत बसतील. हमी खरी आहे. पण होवा, सॅव्हेज, रुगर यांच्या आजच्या साध्या रायफलीसुद्धा मानवणारं काडतूस मिळालं की त्याच्या आसपास मारतात. हरणाचं काळीज आणि फुप्फुस चांगल्या वीतभर जागेत असतं, आणि इथल्या कैमानावा डोंगरांच्या दाट झाडीत बार बहुतेक वेळा शंभर मीटरच्या आतच होतो. तिथे दोन रायफलींमधला दहा मिलिमीटरचा फरक कुणाच्या कामाचा नाही.

मग बघायचं काय? शिकारीच्या दिवशी रायफल पहाटेपासून अंधार पडेपर्यंत तुमच्याजवळ असते. प्रत्यक्ष नेम धरायला त्यातली मोजकी मिनिटं लागतात. बाकी सगळा वेळ तिला घेऊन तुम्ही कुंपण ओलांडता, ओढ्यातून जाता, ओल्या मुळांवर घसरता, जोडीदाराच्या मागोमाग चढता, गाडीत बसता, रात्री जंगलातल्या खोपीत शिरता. या प्रत्येक ठिकाणी ती रिकामी असायला हवी. आणि ती रिकामी करायची असते गारठलेल्या बोटांनी, कमी उजेडात, दमलेल्या डोक्याने. अशा वेळी जी रायफल न झगडता रिकामी होते, आणि रिकामी आहे हे शेजारच्या माणसालाही दिसतं, ती चांगली रायफल. टिक्काला मी याच कसोटीवर पहिला नंबर देतो, एका मुद्द्यावर मात्र तिचे गुण कापतो. तो मुद्दा पुढे येईलच.

दुकानातच परीक्षा घ्या. चांगला विक्रेता कपाटातून रायफल काढतो, नळी भिंतीकडे ठेवतो, बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) उघडतो, चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या जागेत) स्वतः बघतो आणि उघड्या बोल्टनेच तुमच्या हातात देतो. तुम्ही पुन्हा बघायचं. त्याने बघितलंय म्हणून सोडून द्यायचं नाही. यात संकोच वाटायचं काही कारण नाही, इथे कुणालाच त्याचं वाईट वाटत नाही. उलट न बघता खांद्याला लावणाऱ्या गिऱ्हाइकाकडे सगळे मान वळवून बघतात. उघडा बोल्ट हा बोल्ट-अ‍ॅक्शनचा, म्हणजे हाताने बोल्ट चालवायच्या रायफलीचा, सगळ्यात मोठा गुण आहे. दहा फुटांवरूनही कळतं की ही आत्ता उडणार नाही.

आता मुद्दाम जाड हातमोजे घाला. (मी घेऊन गेलो होतो. जंगलात जुलैच्या थंडीत घालणार, तर दुकानात का नाही?) मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढून बघा, परत लावा. बोल्ट उघडा-मिटा. टिक्काचा बोल्ट फक्त ७० अंशांत उचलला जातो, जुन्या माउझर धर्तीच्या रायफलींना ९० अंश लागतात. कागदावर वीस अंश म्हणजे काहीच नाही, पण वर दुर्बीण बसवली की हातमोज्यातली बोटं तिच्यात आणि बोल्टच्या मुठीत अडकत नाहीत. बोल्टची सरक इतकी एकसारखी आहे की मागे ओढताना कुठेही खरखर किंवा अडखळ जाणवत नाही. बोल्ट वाकडातिकडा ओढला तरी तो तिरपा होऊन अडकत नाही. या किमतीत असं फिनिशिंग करणं सोपं नाही, मी रोज तेच काम करतो म्हणून सांगतो.

बोल्ट पूर्ण काढणंही सोपं. सेफ्टी (चाप अडवणारा खटका) पुढे, बोल्ट मागे, अ‍ॅक्शनच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्याच्या) डाव्या बाजूची कळ दाबायची, बोल्ट हातात. ना पाना, ना स्क्रू ड्रायव्हर. हे महत्त्वाचं, कारण बोल्ट काढून खिशात ठेवलेली रायफल म्हणजे नुसती नळी. खोपीत सात-आठ अनोळखी माणसं झोपलेली असतात. तिथे माझा बोल्ट एका पिशवीत, काडतुसं दुसरीकडे, आणि रायफल भिंतीला.

आता रिकामी करायचा क्रम. इथेच नवखे गोंधळतात. आधी मॅगझिन बाहेर, मग बोल्ट. उलटं केलंत, म्हणजे मॅगझिन आत ठेवून बोल्ट मागे ओढलात, तर चेंबरमधलं काडतूस बाहेर उडतं खरं, पण बोल्ट पुढे ढकलताच मॅगझिनमधलं वरचं काडतूस उचलून आत जातं. तुमच्या मते रायफल रिकामी, प्रत्यक्षात भरलेली. म्हणून नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाच्या कडीबाहेर, मॅगझिन काढून खिशात, बोल्ट मागे, पडलेलं काडतूस उचलायच्या आधी चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं. अंधार असेल तर करंगळी घालून बघायचं. टिक्काचं मॅगझिन एका कळीवर सुटून हातात येतं, त्यामुळे हा क्रम हाताला लवकर बसतो. ज्या रायफलींना खाली झडप नसलेलं बंद मॅगझिन असतं, त्यांतून एकेक काडतूस बोल्टनेच चालवून बाहेर काढावं लागतं, म्हणजे रिकामी करण्यासाठी प्रत्येक काडतूस चेंबरपर्यंत न्यायचं. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

मॅगझिन प्लास्टिकचं आहे, तीन काडतुसांचं. जादाचं घ्यायला गेलात तर किंमत ऐकून माणूस दचकतो. पण ते हलकं आहे, गंजत नाही, खडखडत नाही. एक जादाचं घ्याच, पहिलं ओढ्यात पडलं तर दौरा तिथेच संपतो.

आणि आता ज्यासाठी गुण कापले तो मुद्दा. टिक्काच्या सेफ्टीला दोनच जागा आहेत. मागे ओढली की चाप आणि बोल्ट दोन्ही कुलूपबंद. पुढे ढकलली की लाल ठिपका दिसतो आणि रायफल उडायला मोकळी. बोल्ट कुलूपबंद राहतो हे झाडीत चालताना चांगलं, फांदीत अडकून तो उघडत नाही. पण याचा अर्थ असा की चेंबरमध्ये काडतूस असताना रायफल रिकामी करायची तर आधी सेफ्टी काढावीच लागते. होवा १५०० ला तीन जागा आहेत. मधल्या जागेवर चाप बंद राहतो आणि बोल्ट उघडतो, म्हणजे सेफ्टी लावलेल्या अवस्थेतच काडतूस बाहेर काढता येतं. रचना म्हणून मला होवाची पद्धत जास्त पटते. मग मी टिक्का का घेतली? कारण मी चेंबरमध्ये काडतूस घेऊन चालतच नाही.

सेफ्टी म्हणजे एक छोटा यांत्रिक खटका. माती जाते, बर्फ जातो, झीज होते, फांदीला घासून ती पुढे सरकते. तिच्यावर विसंबून चालणं म्हणजे जोडीदाराच्या पाठीचा भरवसा त्या खटक्यावर टाकणं. न्यूझीलंडच्या बंदूक सुरक्षेच्या सात नियमांत तिसरा नियम हाच आहे: बार काढायची वेळ येईल तेव्हाच काडतूस चेंबरमध्ये घाला. टिक्कावर हे असं जमतं: रिकाम्या चेंबरवर बोल्ट बंद करायचा, मग भरलेलं मॅगझिन खालून लावायचं. आता बोल्ट उघडून मिटल्याशिवाय काहीही उडू शकत नाही. हरीण दिसलं, ओळख पटली, मागची बाजू बघितली की बोल्ट एकदा मागेपुढे, झालं. बोल्टची सरक शांत आहे, हळू केलात तर तीस-चाळीस मीटरवरचं सिका हरीण उधळत नाही. मागच्या टोकाला स्प्रिंग चढल्याची लाल खूण दिसते आणि अंगठ्याने चाचपताही येते.

काही जुने लोक काडतूस आत ढकलून बोल्ट अर्धवट मिटून चालतात. ऐकू नका. झाडीत खेचाखेच झाली की बोल्ट आपोआप मिटतो आणि तुम्हाला पत्ता लागत नाही.

काडतुसाबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यावर लोक उगाच भांडतात. .३०८ हे १९५२ पासूनचं काडतूस आहे, गावोगावच्या दुकानात मिळतं, सिकापासून मोठ्या लाल हरणापर्यंत पुरतं. धक्का मात्र जाणवतो. लाइट मॉडेल नावाप्रमाणे हलकं, दुर्बिणीशिवाय तीन किलोच्या आतबाहेर, आणि हलक्या रायफलीचा धक्का खांद्याला जास्तच बसतो. अंगकाठी लहान असेल किंवा धक्क्याच्या भीतीने डोळे मिटत असतील तर ७ एमएम-०८ किंवा ६.५ क्रीडमूर घ्या, हरणाला काही फरक पडत नाही. घरात दोन वेगवेगळ्या कॅलिबरच्या रायफली असतील तर एका दौऱ्यात एकाच प्रकारची काडतुसं न्या आणि भरताना बुडाचा ठसा वाचा. ७ एमएम-०८ हे .३०८ च्याच कवचापासून बनलेलं आहे, घाईत दोन्ही सारखीच दिसतात.

सप्रेसर, म्हणजे नळीच्या तोंडाला लावायचा आवाज कमी करणारा जोड, घ्या. इथे त्याला वेगळी परवानगी लागत नाही. धक्का कमी होतो, आवाज बराच खाली येतो, पण रेंजवर कानाला संरक्षण तरीही लावायचंच. सप्रेसरने लांबी वाढते आणि झाडीत ती सतत अडते, म्हणून आखूड नळीचं मॉडेल मिळत असेल तर तेच घ्या. चापाचा जोर एक ते दोन किलोच्या दरम्यान लावता येतो. एक किलोवर आणायचा मोह होईल. थंडीत बोटाची संवेदना गेलेली असते, तेव्हा दीड किलोच्या खाली जाऊ नका.

दुर्बिणीबद्दल एकच सांगतो, पण ते मनापासून: रायफलीवरची दुर्बीण बघण्यासाठी नसते. तिच्यातून बघता तेव्हा नळी समोरच्यावर रोखलेली असते. तो माणूस निघाला तर? छातीवर लटकवायची साधी दुर्बीण वेगळी घ्या, तिने ओळख पटवा, आणि मग रायफल उचला. रायफलीवर ३-९x४० (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी, ४० मिलिमीटर भिंगाची) पुष्कळ झाली. वाचलेले पैसे छातीवरच्या दुर्बिणीत घाला.

हे इतकं का सांगतो? या देशात शिकारीत माणसं मरतात ती बरेचदा हरीण समजून माणसाला मारल्यामुळे, आणि मारणारा अनेकदा त्याच्याच टोळीतला असतो. मार्चअखेर ते एप्रिल हा लाल हरणांचा माजाचा काळ. नर डरकाळ्या फोडतात आणि त्यांना जवळ बोलवायला शिकारीही तशाच डरकाळ्या काढतात. तुम्ही आवाज दिलात आणि पलीकडून उत्तर आलं, तर ते हरीण असेल किंवा तुमच्यासारखाच आवाज काढणारा दुसरा माणूस. झुडूप हललं, तपकिरी ठिपका दिसला, आवाज आला, यातलं काहीही पुरेसं नाही. डोकं, मान, खांदा, शिंगं असतील तर शिंगं, असं अख्खं जनावर डोळ्यांसमोर यायला हवं. तोवर ते माणूसच आहे असं धरून चालायचं. जोडीदार नजरेआड झाला की शिकार थांबवायची, तो सापडला की पुन्हा सुरू. भडक नारिंगी अंगरखा घाला, हरणांना तो रंग आपल्यासारखा दिसत नाही. आणि डोंगराच्या धारेवर आकाशाला टेकून उभ्या असलेल्या हरणावर बार काढू नका. .३०८ ची गोळी तीन-चार किलोमीटर जाऊ शकते, धारेपलीकडे काय आहे ते तुम्हाला दिसत नाही.

पडलात तर उठून आधी नळी बघा. बोल्ट काढायचा, मागून उजेडाकडे धरून आरपार बघायचं. नळीच्या तोंडात चिखल किंवा बर्फ असताना बार काढला तर नळी फुटते. तोंडाला इलेक्ट्रिकल टेपचा एक तुकडा लावून ठेवला तर पाऊस-माती आत जात नाही, आणि गोळीपुढच्या हवेच्या दाबाने तो आपोआप उडतो. चाप ओढूनही काडतूस उडालं नाही तर नळी निशाण्याकडेच ठेवून किमान मिनिटभर थांबा, मग बोल्ट उघडा. ते उशिरानेही उडू शकतं.

जुनी रायफल स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्यांसाठी: बोल्टवरचा क्रमांक आणि अ‍ॅक्शनवरचा क्रमांक जुळतो का बघा. एकाच मॉडेलच्या दोन रायफलींचे बोल्टसुद्धा अदलाबदल करायचे नसतात, कारण बोल्टचं तोंड आणि काडतुसाचं बूड यांतलं अंतर त्या जोडीसाठी जुळवलेलं असतं. बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडून गो-नोगो गेज (हे अंतर ठरलेल्या मर्यादेत आहे का ते दाखवणारं माप) लावून तपासून घ्या. आपल्या टूलरूममध्ये भोक तपासतो तेच तत्त्व, फक्त इथे गेज चुकलं तर फुटलेल्या कवचातून गरम वायू तुमच्या चेहऱ्याकडे येतो. या तपासणीचे पैसे वाचवू नका.

मुलं आणखी एक विचारतात, "आपल्यात कुणी शिकार करत नाही, मग आपण करावी का?" कोल्हापूरकराला हा प्रश्न ओळखीचा आहे. दाजीपूरचं जंगल पूर्वी कोल्हापूरच्या महाराजांचं शिकारीचं रान होतं. १९५८ मध्ये तिथे अभयारण्य झालं, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि ते योग्यच झालं. गव्यावर कुणी बंदूक रोखली तर मला आजही सहन होणार नाही. न्यूझीलंडची गोष्ट वेगळी आहे. वटवाघळं सोडली तर इथल्या जमिनीवर मूळचा एकही सस्तन प्राणी नव्हता. सिका १९०५ मध्ये आणून सोडले. हरणं कोवळी रोपं खातात आणि जंगलाची पुढची पिढीच उगवत नाही. सरकारी जंगलात शिकारीसाठी संवर्धन खात्याकडून परवानगी ऑनलाइन, फुकट मिळते. मारलेलं सगळं मी घरी आणतो, आणि सिकाच्या मटणाला तांबडा रस्सा फार छान जमतो.

आपल्यातल्या बहुतेकांनी लहानपणी बंदूक हातात घेतलेली नसते. माझ्या मते हे चांगलंच आहे, कारण काही वाईट सवयी मोडाव्या लागत नाहीत. डीअरस्टॉकर्स असोसिएशन ही इथली १९३७ पासूनची संस्था आहे, तिच्या शाखा नवख्यांसाठी हंट्स नावाचं प्रशिक्षण चालवतात. रायफल घेण्याआधी ते करा. तिथे वेगवेगळ्या रायफली हाताळायलाही मिळतात.

कायद्याचं थोडक्यात. १५ मार्च २०१९ च्या क्राइस्टचर्चच्या हत्याकांडानंतर बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी आली, बोल्ट-अ‍ॅक्शन कायदेशीर राहिल्या. २४ जून २०२३ पासून बंदुकांची नोंदवही सुरू झाली. रायफल घेतली की ३० दिवसांत तिची नोंद करायची. परवान्यासाठी सुरक्षा अभ्यासक्रम, लेखी परीक्षा आणि घरच्या तिजोरीची तपासणी असते. नवऱ्याची किंवा बायकोचीही मुलाखत होते. माझ्या बायकोला त्यांनी मी घरी नसताना बोलवून मोकळेपणाने विचारलं, आणि मला ते अगदी बरोबर वाटलं. घरी रायफल तिजोरीत, काडतुसं वेगळ्या कुलपात. किल्ली कुठे असते हे फक्त परवानाधारकाला माहीत. गाडीत भरलेली रायफल ठेवणं गुन्हा आहे, पाच मिनिटांच्या रस्त्यावरसुद्धा.

किंमत: स्टेनलेस टिक्का साधारण दोन हजार न्यूझीलंड डॉलरच्या घरात जाते, दुर्बीण, माउंट, सप्रेसर वेगळे. होवा १५०० त्याहून स्वस्त पडते, वजनाने जड आहे, धक्का कमी देते, आणि तिची सेफ्टी मला जास्त आवडते हे वर आलंच आहे. पैशाची ओढाताण असेल तर बिनधास्त होवा घ्या आणि उरलेले पैसे रेंजवरच्या काडतुसांत घाला. पावसात दिवसभर खांद्यावर वागवायची असेल तर टिक्का. डावखुऱ्यांसाठी टिक्का डाव्या बाजूच्या बोल्टची रायफल काढते. दुकानात समोर दिसत नसली तर मागवायला सांगा, उजव्या बोल्टवर तडजोड करू नका. डावखुऱ्याला मग रिकामी करताना हात वरून पलीकडे न्यावा लागतो आणि नळी हमखास जोडीदाराकडे वळते.